आधी बहिणींकडचा चहा

भिंतीला स्टेथोस्कोप लावून ऐकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मंचरला खोली बघायला गेलो होतो. पाठीवर बॅग, काखेत गादीची वळकटी, आणि समोर साठीच्या पुढची एक बाई मोरीच्या भिंतीला तो डॉक्टरी भोंगा चिकटवून डोळे मिटून उभी. मी नमस्कार म्हणालो, तर ओठांवर बोट. मिनिटभर तसंच. मग कानातल्या नळ्या काढून मला म्हणाल्या, "गळत न्हाई. पण पायपाला धाप लागलीय. हां, आता बोल."

मी बोलायच्या आधी त्यांनीच सुरू केलं. नळ ठिबकायला लागला तर त्याच दिवशी सांगशील का म्हैन्यानं? भिंतीत खिळे किती ठोकणार? पावणे किती येतात, आन् आल्यावर जातात कवा? पगार किती ते इचारत न्हाई, पण वीस तारखेला खिशात किती उरतो? या शेवटच्या प्रश्नाला मी हसलो. "हसलास म्हंजे काय उरत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पावतीपुस्तक काढलं. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगायला लागलो, तर हात वर. "पुरे. पावतीवर तेवढंच मावतं." आडनाव विचारलं नाही. तेव्हा मला ते नुसतं विचित्र वाटलं.

मी जुन्नरकडचा. मंचरच्या एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागलो होतो. संध्याकाळी आईला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न, "मालकीण कोणापैकी?" चार दिवसांनी मला कळलं. बाई निवृत्त नर्स, बौद्ध. सारं गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं. खोली स्वच्छ आहे ना?" मीही "हो" म्हणून फोन ठेवला. त्या फोनची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हेही सांगून टाकतो.

बाईंच्या तेव्हा सात खोल्या होत्या. एकदम घेतलेल्या नाहीत, एकेक करून. त्यांना नावं होती: थोरली, मधली, धाकटी, पिंपळाची, विहिरीची वगैरे. मी धाकटीत राहायचो. आणि प्रत्येक खोलीचं आमच्या पतसंस्थेत वेगळं बचत खातं. थोरलीचं भाडं थोरलीच्या खात्यात, विहिरीचं विहिरीच्या. त्यातून घरपट्टी, रंग, पत्रे, पाण्याची मोटार. "खोलीनं आपलं पोट आपुन भरायचं," हा नियम. एकदा विहिरीच्या खोलीचे पत्रे वादळात उडाले आणि तिच्या खात्यात पैसे कमी पडले, तर बाईंनी थोरलीकडून उसने घेतले आणि मला व्याज लावायला सांगितलं. मी म्हटलं, "बाई, दोन्ही खोल्या तुमच्याच!" तर म्हणाल्या, "मी मालकीण न्हाई रे, मी ह्यांची नोकर. पगार घेते." आणि खरंच घ्यायच्या. ठरलेला, महिन्याच्या महिन्याला. वर एक रुपया नाही. वर्षाला भाडं धरायच्या अकरा महिन्यांचं. बारावा महिना खोली रिकामीच राहिली असं समजायचं. भाडेकरू राहिला तरी ते पैसे निराळे, आणि ते कशासाठी, हे त्या कुणाला सांगत नसत.

माझी मोटारसायकल हप्त्यावरची होती. तिच्याकडे बघून त्या रोज एकदा सुस्कारा सोडायच्या. "कर्ज म्हंजे औषध, भाऊ. डोस लिहून घ्यायचा, आन् बरं वाटलं की बाटली फेकायची. तू तर बाटलीच तोंडाला लावलीस." पण त्याच मोटारसायकलवर मागे बसून साऱ्या तालुक्यात हिंडायच्या. पेट्रोलचे पैसे द्यायच्या, आणि टायरच्या झिजेचे वेगळे. मला आधी अपमान वाटायचा. नंतर मी टायरचे पैसे साठवून खरंच टायर घेतला आणि अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंनी तो टायर दाबून बघितला आणि "पहिली कमाई" म्हणाल्या.

जागा बघायची त्यांची रीत ऐका. घडीची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, भाकरीचा डबा. सकाळी जाऊन प्लॉटच्या मधोमध खुर्ची मांडायची आणि दिवस मावळेपर्यंत बसायचं. एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसात. घोडेगावला पंचायत समितीजवळच्या एका प्लॉटवर अशाच बसल्या होत्या. लोकांना वाटलं उपोषण. दुपारी एक पुढारी चार कार्यकर्ते आणि हार घेऊन हजर! "बाई, आमचा जाहीर पाठिंबा आहे. मागण्या काय आहेत?" बाईंनी डबा उघडला. "मागणी एकच. वरच्या गटाराचं पाणी कुठवर येतं ते बघायचंय. बसा, भाकरी खाणार का?" पुढारी हार घेऊन परत गेले. पाणी आलं, खुर्चीच्या पायाला लागलं, आणि बाईंनी ती जागा घेतली नाही. पुढं ज्यानं घेतली तो दर पावसाळ्यात बादलीनं घर उपसतोय. "घाईनं घेतलेली जागा आन् घाईनं केलेलं बाळंतपण," बाई म्हणायच्या, "दोन्हीला टाके पडत्यात."

पण त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा वेगळीच होती. कुणाचीही जमीन घ्यायची, तर आधी विकणाऱ्याच्या बहिणींकडे जायचं. एकेकीच्या सासरी, मग ती पारनेरात असो नाहीतर पार डोंगरात. सोबत खण-नारळ. तिच्याकडचा चहा प्यायचा आणि विचारायचं, "बाई, तुझा भाऊ बापाची जमीन विकतोय. तुझी खुशी हाय का? तुझा वाटा तुला मिळाला का?" आपल्याकडे कसं असतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. राखीला ओवाळणी टाकायची आणि संक्रांतीच्या आत हक्कसोडावर सही घ्यायची. बहीणही सही करते, कारण माहेर तुटायला नको असतं. बाई मात्र तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरेदीखताला हात लावत नसत. यापायी त्यांचे किती सौदे मोडले! एजंट लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. मीही वैतागायचो. चाळीस किलोमीटर गाडी हाणायची, आणि कशासाठी, तर एक कप चहा!

एकदा अशाच एका चहावरून परत येत होतो. घोडेगाव रस्त्याला मंचरच्या अलीकडे एक कोपरा आहे. चार गुंठे जागा, बिनशेती झालेली, पुढं कौलारू घर, घराला लांब ओटा. बाईंनी पाठीवर थाप मारली. "थांब." आम्ही थांबलो. बाई घराकडे बघत राहिल्या.

"ही जागा मला घ्यायचीय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या हिच्यासाठी घेतल्यात. बारावा म्हैना हिचा."

मग त्यांनी सांगितलं, रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या. विशी-बाविशीच्या असताना त्या नर्स म्हणून या भागात पहिल्यांदा आल्या. हातात एक ट्रंक. सहा घरं हिंडल्या, खोली मिळाली नाही. या घरच्या म्हाताऱ्यानं मात्र होकार दिला. भाडं ठरलं, ट्रंक आत गेली. मग त्यानं आडनाव विचारलं. "ट्रंक परत ओट्यावर आली," बाई म्हणाल्या. "तो काय वाईट बोलला न्हाई. नुसता म्हनला, आमच्यात नाय चालत. मी त्या ट्रंकेवर एष्टी स्टँडात बसले संध्याकाळपातूर. मग दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत नऊ म्हैने काढले."

"आणि पुढं?"

"तीन म्हैन्यांनी तोच म्हातारा भर दुपारी पळत दवाखान्यात आला. बायको अडली व्हती. पोर पायाळू, पाय आधी. मी गेले. तिसरी पोरगी झाली, दोघी वाचल्या. मग मला चहा दिला. बाहेर, ओट्यावर."

"तुम्ही प्यायलात?"

"का न्हाई पिणार? दमले व्हते मी. गरम व्हता. साखर पण बरी व्हती." बाई गाडीवर बसल्या. "पण कप खाली ठेवताना मनात म्हनलं, ह्यो ओटा मी इकत घेईन. चल आता."

मला सांगायला संकोच नाही, त्या दिवसापासून ती जागा बाईंपेक्षा मलाच जास्त हवी झाली. येता-जाता मी त्या घराकडे रागानं बघायचो. म्हातारा-म्हातारी कधीच गेली होती. दोन भाऊ होते, पुण्यात फ्लॅट घ्यायला निघालेले. जागा विकायची आहे अशी कुणकुण लागली, तसे आम्ही जाऊन थडकलो.

थोरला भाऊ मोठा बोलका माणूस. "या, नर्सबाई, या!" भाव ठरला. बाईंच्या बाराव्या महिन्यांत तो बरोबर बसत होता, मीच बेरीज केली होती. हातावर हात मारायचा तेवढा बाकी. आणि बाईंनी विचारलंच.

"बहिणी किती?"

"दोन. दोघींच्या सह्या झाल्यात. हा बघा सातबारा, आम्ही दोघं आणि त्या दोघी."

"आन् पायाळू?"

थोरल्याचा चेहरा उतरला. धाकटा उठून आत गेला. "ती आमच्या लेखी नाही," थोरला म्हणाला. "तिनं आमचं नाक कापलं. पळून जाऊन परजातीत लग्न केलं. वारस म्हणून आम्ही दोनच बहिणी सांगितल्यात. तुम्ही त्यात पडू नका."

"तुमी दोन सांगितल्या आसतील," बाई म्हणाल्या, "तिसरी माझ्या हातात आलीय. तिच्याकडचा चहा झाल्याबिगर मी जागा घेत न्हाई."

बोंबला! आठच दिवसांत कळलं, पुण्याची एक पार्टी दीडपट भाव देतेय आणि काही विचारतही नाही. मी बाईंवर भडकलो. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "कशाला विचारलंत? अहो, उताऱ्यावर नाव नाही, कुणाला कळलं असतं? एक प्रश्न, आणि इतक्या वर्षांची पुंजी पाण्यात!" दोन दिवस बाईंनी कुठल्या भिंतीला भोंगाही लावला नाही. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या, हातात खण-नारळाची पिशवी. "गाडी काढ. बेल्ह्याला जायचंय."

बेल्ह्याला त्या दिवशी बैलबाजार. टेम्पो, धूळ, बैलांचं हंबरणं. बाजाराच्या कडेला एक चहाची गाडी, आणि त्यामागे एक चाळिशीची बाई फडक्यानं पातेलं उतरवत होती. पत्ता बाईंनी कुठून काढला? बेल्ह्याकडच्या एका जुन्या नर्सकडून. पायाळूच्या पोरांना डोस पाजले होते त्या नर्सनं. नर्सांचं खातं आमच्या पतसंस्थेपेक्षा पक्कं असतं.

बाईंनी आधी चहा घेतला. संपवला. मग म्हणाल्या, "तुझा जन्म माझ्या हातात झालाय. पाय आधी आले व्हते."

ती बाई बघतच राहिली. "नर्सबाई? आई लई सांगायची तुमचं."

बाईंनी तिला सगळं सांगितलं. बापाची जागा विकतायत, कागदावर दोनच बहिणी आहेत. तिनं गॅस बारीक केला. "मी मेले आसं लिवलंय का?"

"न्हाई. तू जन्मलीच न्हाईस, आसं लिवलंय."

तिच्या डोळ्यांना धार लागली. गिऱ्हाइकं समोर उभी, चहा आटतोय, आणि ती पदर तोंडाला लावून उभी. "नको व्हती मला जागा," ती म्हणाली. "पण जन्मच खोडला व्हय माझा?"

माझ्यातला क्लार्क मात्र जागा झाला. मी बाईंना बाजूला ओढलं. "बाई, आता मान आपल्या हातात आहे. हिच्याकडून आत्ताच लिहून घ्या, माझा वाटा नर्सबाईंनाच विकीन म्हणून. थोडे पैसे हातावर ठेवा. पुण्याची पार्टी आपोआप पळेल."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी आजही ते विसरलो नाही. "कळा देणाऱ्या बाईशी कुनी भाव करतं का रं?" आणि वळून तिला म्हणाल्या, "तुझ्या जन्माची नोंद मीच पाठवली व्हती. तो दाखला काढ. घोडेगावला तहसील कचेरीत अर्ज दे, नाव लाव. मग वाटा इक, ठेव, कुनालाही दे. पुण्यावाल्यांनी जास्ती दिला तर त्यांना दे. माझं काय त्यात न्हाई."

"माझं काय त्यात न्हाई!" परतीच्या वाटेवर मी तोंड फुगवून गाडी चालवली. इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून जिच्यासाठी साठवलं, ती जागा या बाईनं स्वतःच्या तोंडानं सोडून दिली होती. मागं बसून वर म्हणतात कशा, "चहात आलं चांगलं व्हतं."

अर्ज गेला. दाखला निघाला. नाव लागायला सहा-सात महिने गेले, आणि तेवढ्यात पुण्याची पार्टी पांगली. वादाची जागा आणि पाच वाटेकरी, इतका धीर त्यांना नव्हता. भावांनी त्यांच्या विसारावर पुण्यात फ्लॅट ठरवून ठेवले होते. तो विसार परत द्यायची पाळी आली, तेव्हा थोरला भाऊ आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, घेताय का जागा?"

मी मागून खुणा करत होतो. दोन बोटं खाली, तीन बोटं खाली. अडलाय, पाडा भाव! बाईंनी माझ्याकडे पाठ केली. "ठरला व्हता तोच भाव. रुपया कमी न्हाई, रुपया जास्ती न्हाई. पाच धनादेश, पाच सारखे. तिघींचे तिघींच्या नावावर, तिघींच्या हातात."

खरेदीखताच्या दिवशी तिसरी बहीण नवऱ्याबरोबर आली. कचेरीच्या बाहेर बाकावर थोरल्या दोघी बसल्या होत्या. तिला बघून त्या उठल्या, आणि तिथंच तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. इतका गलका झाला की आतला शिपाई बाहेर आला. थोरला भाऊ भिंतीकडे बघत होता. मग तो उठला, पाण्याची बाटली घेऊन आला आणि धाकटीच्या हातात दिली. तिनं घेतली.

बाईंचा अंगठा यंत्रावर दोनदा उमटेना. आयुष्यभर हात धुवून धुवून रेषा झिजलेल्या. तिसऱ्यांदा उमटला. मी रडलो, आणि लाज न बाळगता रडलो. बाईंनी रुमाल दिला. "रडू नगस. स्टँप ड्युटी भरून झालीय." मग आम्ही आठजणांनी मिसळ खाल्ली, बाईंच्या खर्चानं. पगारातून, खोल्यांच्या खात्यातून नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

आता तिथं बाईंच्या नऊ नव्या खोल्या आहेत. पुढचं कौलारू घर त्यांनी पाडलं नाही. भिंतीला भोंगा लावून, "छाती साफ हाय हिची," म्हणाल्या आणि स्वतः तिथं राहायला गेल्या. आत बुद्धाची तसबीर आणि ती जुनी ट्रंक. माझी बदली जुन्नरला झाली. मोटारसायकलची बाटली मी कधीच फेकली, आणि जुन्नरला माझी स्वतःची एक खोली आहे. भाड्यानं दिलीय, अकरा महिने मोजतो. घेतली तेव्हा विकणाऱ्याच्या चार बहिणींकडचा चहा प्यायलो, सोबत आईला घेऊन. एकीच्या घरी आईच म्हणाली, "आमच्या नर्सबाईंची रीत आहे ही."

गेल्या उन्हाळ्यात बाईंना भेटायला गेलो होतो. दुपारची वेळ. आम्ही आत बसलो होतो, तेवढ्यात ओट्याशी चपला वाजल्या. थोरला भाऊ. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आता त्यालाच जागा पुरत नव्हती. धाकट्या मुलाचं लग्न झालं होतं, त्याला मंचरला नोकरी लागली होती, खोली हवी होती. पायरीखाली उभा राहून तो घाम पुसत होता. ज्या घरात जन्मला त्या घराची पायरी चढायला धजत नव्हता.

"पोराचं नाव?" बाईंनी पावतीपुस्तक काढलं.

त्यानं मुलाचं नाव सांगितलं, आपलं सांगितलं, आणि आडनावापाशी आला, तर बाईंचा हात वर. "पुरे. पावतीवर तेवढंच मावतं. नळ ठिबकला तर त्याच दिवशी सांगंल का?"

"सांगंल, बाई."

"खिळे?"

"नाय ठोकणार."

बाईंनी चावी काढून फळीवर ठेवली आणि चुलीवर चहाचं आधण चढवलं. तो अजून खालीच. मग टेकायला म्हणून ओट्याच्या कडेला बसायला लागला, तिथंच, जिथं कधीकाळी एक ट्रंक आणून ठेवली होती.

"तिथं नको, राव," बाई आतून म्हणाल्या. "ओट्यावर लई ऊन हाय. आत या."